गंजलेली मोटार : जीर्णोद्धार कीं विसर्जन?

जुन्या वस्तूंविषयीं बोलणें निघालें कीं आपल्या तोंडीं दोन शब्द हटकून येतात. एक जीर्णोद्धार आणि दुसरा मोड. देऊळ खचलें तर त्याचा जीर्णोद्धार होतो आणि तांब्यापितळेचें भांडें फुटलें तर तें मोडींत जातें. कोणती वस्तु कोणत्या वाटेनें जावयाची हें बहुधा आधींच ठरलेलें असतें, म्हणून आपल्याला त्याचा विचार करावा लागत नाहीं. विचार करावा लागतो तो मधल्या वस्तूंचा. ज्या पुजण्याइतक्या पवित्र नाहींत आणि टाकून देण्याइतक्या परक्याही नाहींत, अशा वस्तूंचा.

अशाच एका वस्तूविषयीं आज मी बोलणार आहें. ती आहे एक मोटारगाडी. दोघांनीं बसावयाची, डोक्यावर पक्कें छप्पर नसलेली, इंग्लंडांत तयार झालेली आणि तेथेंच एका गराजांत तीस वर्षांहून अधिक काळ गंजत पडलेली. ही गाडी दुरुस्त करावी कीं करूं नये, असा प्रश्न माझ्या भाच्यानें मला विचारला. माझें आयुष्य यंत्रांच्या सहवासांत गेलें असल्यामुळें मामा झटकन् उत्तर देईल अशी त्याची समजूत होती. उत्तर झटकन् देतां आलें नाहीं, आणि तें कां आलें नाहीं हेंच आजच्या भाषणाचें सूत्र आहे.

गाडीचें नांव एम्. जी. बी. 'एम्. जी.' हीं मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डमधील मोटारींच्या पेढीचीं आद्याक्षरें. ही गाडी १९६२ सालीं बाजारांत आली आणि ऑक्सफर्डच्या दक्षिणेस असलेल्या ॲबिंग्डन गांवांतील कारखाना १९८० सालीं बंद होईपर्यंत ती निघत होती. या अवधींत पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. म्हणजे राजेरजवाड्यांच्या पागेंत शोभणारी ही दुर्मिळ चीज नव्हे. शिक्षकानें, कारकुनानें, नुकत्या नोकरीस लागलेल्या डॉक्टरानें हौसेनें घ्यावी आणि रविवारीं छप्पर उघडून चार गांवें हिंडून यावें, अशी ही मध्यम स्थितीची गाडी होती.

माझे मेहुणे असेच एक डॉक्टर. ते १९६९ सालीं तिकडे गेले आणि कॉव्हेंट्रीजवळ स्थायिक झाले. १९७३ सालीं त्यांनीं १९६७ सालची ही गाडी दुसऱ्या हातानें विकत घेतली व पुढें अठरा वर्षें चालविली. १९९१ च्या हिवाळ्यांत वार्षिक तपासणींत ती नापास झाली. "येत्या उन्हाळ्यांत पाहूं," असें म्हणून त्यांनीं तिच्यावर ताडपत्री टाकली. त्यानंतर किती उन्हाळे आले आणि गेले! २०१९ सालीं मेहुणेच गेले. गाडी ताडपत्रीखालीं तशीच राहिली. आतां माझी बहीण लहान घरांत राहावयास जाणार, म्हणून जुनें घर विकलें गेलें आणि तीन महिन्यांत गराज मोकळें करून देणें भाग पडलें. गेल्या शरदांत मी तिकडे गेलों होतों तेव्हां भाचा मला त्या गराजांत घेऊन गेला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही सांगाल तसें करतों. पण कांहीं तरी एक सांगा."

ताडपत्री काढल्यावर प्रथम जें दिसलें त्यानें मला चकित केलें. इंजिनावरचें झांकण अगदीं धड होतें. रंग उडालेला, पण पत्र्याला भोंक म्हणून नाहीं. याउलट दाराखालचा भाग हात लावतांच बिस्किटासारखा तुटून पडला. एकाच गाडीचे दोन अवयव, एकाच हवेंत राहिलेले. मग एक शाबूत आणि दुसऱ्याची माती, असें कां? उत्तर सोपें आहे. आरंभींच्या वर्षांतील या गाड्यांचें तें झांकण ॲल्युमिनियमचें असे आणि बाकीचें अंग पोलादी. ॲल्युमिनियमलाही हवेंतला प्राणवायु खातो. पण त्या क्रियेंतून जो पातळ थर निर्माण होतो तो धातूला घट्ट चिकटून बसतो आणि आंतल्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज असा इमानी नाहीं. तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, मूळ धातूच्या कित्येक पट जागा व्यापतो आणि फुगून पापुद्र्यांनीं सुटतो. प्रत्येक पापुद्रा सुटला कीं खालचें ताजें लोखंड पुन्हां उघडें पडतें. त्यांत इंग्लंडांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या पाण्यांतून विद्युत् सहज वाहते, आणि गंजणें ही मूलतः विद्युत्-रासायनिक क्रिया असल्यामुळें मिठानें तिला पाय फुटतात. जी ताडपत्री रक्षणासाठीं म्हणून टाकली तिनें तर गराजांतली ओल आंतच कोंडून ठेवली. शाल पांघरून आजाऱ्याला ओलींत निजवावें, त्यांतलाच प्रकार!

आतां हा दाराखालचा भाग म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे, कारण सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. जुन्या काळच्या मोटारींना खालीं लोखंडी तुळयांची एक स्वतंत्र चौकट असे व वरचें अंग तिच्यावर बसविलेलें असे. अंग गंजलें तरी चौकट उभी राही. एम्. जी. बी. तशी नाहीं. तिला स्वतंत्र चौकट नाहीं. पत्र्याचें अंग हीच तिची चौकट. त्यांतून डोक्यावर छप्परही नाहीं. झांकण नसलेल्या खोक्याला सगळें बळ त्याच्या तळाकडून आणि कडांकडून मिळतें. या गाडीच्या त्या कडा म्हणजे दोन्ही दारांखालचे उंबरठे. बाहेरून एक पत्रा दिसतो, पण आंत तीनचार पत्रे एकमेकांना सांधून पोकळ तुळई केलेली असते. पुढच्या चाकानें उडविलेला चिखल तिच्या तोंडाशीं सांचतो, पाणी निघून जाण्याचीं छिद्रें बुजतात आणि तुळई आंतून खाल्ली जाते. बाहेरचा पत्रा शेवटीं जातो. म्हणजे डोळ्यांना रोग दिसूं लागतो तेव्हां हाड गेलेलें असतें.

परीक्षेचीं साधनें साधीं असतात. एक जाड पेचकस, एक लोहचुंबक आणि एक विजेरी. पेचकसानें टोचून पाहावें. चांगला पत्रा टणक लागतो, कुजलेल्यांतून टोंक आरपार जातें. लोहचुंबक फिरवून पाहावा. जेथें तो धरत नाहीं तेथें रंगाखालीं लोखंड नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. दाराची फट पाहावी. मागच्या बाजूस ती वर अरुंद आणि खालीं रुंद झाली असेल तर गाडी मधोमध वांकूं लागली आहे. आसनांच्या मागें तळाखालीं लोंबणाऱ्या दोन पेट्या असतात, त्यांत सहा सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या बसत. तेथें आम्लानें काय केलें आहे तें पाहावें. मागच्या कमानी जेथें अडकविलेल्या असतात ते सांधे पाहावे.

आमच्या गाडीच्या उजव्या उंबरठ्यावर लोहचुंबक एक वीतभर धरेना. वरची लांबी उकरली तेव्हां तिच्यामागें वर्तमानपत्राचा बोळा निघाला. मेहुण्यांनीं १९८८ सालीं एका कारखान्यांत पैसे मोजून हा उंबरठा 'नवा' करून घेतला होता. त्याची पावती जपून ठेवलेली सांपडली. त्या कारखान्याचें नांव घेण्यांत आतां अर्थ नाहीं. पण भाच्याचा चेहरा उतरला तो गंजामुळें नव्हे, त्या बोळ्यामुळें. तीन वर्षें त्याचे वडील त्याला शेजारीं बसवून ज्या उंबरठ्याच्या भरंवशावर गाडी हांकीत होते, तो उंबरठा म्हणजे रंगविलेला कागद होता.

यावरून एक गोष्ट पक्की झाली. वरवर रंग देऊन ही गाडी रस्त्यावर आणणें हा पर्याय मुळींच नव्हता. चाळीस वर्षांहून जुन्या व फारसा फेरफार न झालेल्या गाड्यांना ब्रिटनमध्यें २०१८ सालापासून वार्षिक तपासणींतून सूट मिळते. पण परीक्षकानें दिलेली सूट ही गंजानें दिलेली सूट नव्हे. परीक्षक नसला म्हणजे मालकाची जबाबदारी उलट दुप्पट होते.

मग उरले चार मार्ग. पहिला, कुजलेला प्रत्येक भाग कापून तेथें नवा पत्रा सांधावयाचा. दुसरा, सबंध अंगच नवें आणावयाचें. या गाडीचीं अंगें जुन्या साच्यांवर पुन्हां घडविण्याचें काम इंग्लंडांत १९८८ सालीं सुरू झालें. तिसरा, आहे तशी जतन करून ठेवावयाची. आणि चौथा, तिचें विसर्जन करावयाचें. म्हणजे इंजिन, पेटी, चाकें, तें शाबूत झांकण, हें सर्व गरजू मालकांना देऊन उरलेलें लोखंड भट्टींत पाठवावयाचें.

हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें तर चौथा मार्ग निर्विवाद शहाणपणाचा. जी गाडी पांच लाखांच्या संख्येनें निघाली तिच्या चांगल्या, चालत्या प्रती आजही विकत मिळतात. आणि इतकी गंजलेली गाडी मजुरी देऊन नीट करून घेण्यास जो खर्च येतो तो चांगली गाडी विकत घेण्याच्या खर्चाहून बहुधा अधिकच होतो. हें मीं भाच्याला पहिल्याच दिवशीं सांगितलें. तो म्हणाला, "तें मला ठाऊक आहे, मामा. पण ती चांगली गाडी बाबांची नसेल." हें उत्तर भावनेचें आहे म्हणून झटकून टाकावें असें प्रथम मला वाटलें. परंतु विचार करतां असें दिसलें कीं खरा प्रश्न याच उत्तरांत दडलेला आहे. वडिलांची गाडी म्हणजे नेमकें काय? तिच्यांतील पत्रा बदलला तर ती वडिलांची राहते काय? किती बदलला तर राहते आणि किती बदलला तर राहत नाहीं?

हा प्रश्न मोटारींच्या बाबतींत न्यायालयापर्यंत गेलेला आहे. 'ओल्ड नंबर वन' या नांवाची एक बेंटले गाडी होती. १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें तिनें फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढें तिचे भाग वेळोवेळीं बदलले गेले. १९३२ सालीं ब्रुकलँड्सच्या शर्यतींत तिला भयंकर अपघात होऊन चालक मृत्यु पावला आणि त्यानंतर तिच्यावर नवें अंग चढलें. १९९० सालीं एक कोटि पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हां ही ती गाडीच नव्हे अशी तक्रार खरेदीदारानें केली. न्यायमूर्ति ऑटन यांनीं निकाल दिला तो विचार करण्यासारखा आहे. पहिल्या शर्यतीच्या वेळचें फारसें कांहीं तिच्यांत उरलेलें नाहीं हें त्यांनीं मान्य केलें. पण ती गाडी मोडून नाहींशी झाली आणि दुसरी तिच्या जागीं आली, असा क्षण तिच्या इतिहासांत कोठेंच नाहीं. ती एकसारखी बदलत आली आहे, म्हणून तें नांव तिचेंच, असें त्यांनीं ठरविलें. म्हणजे ओळख ही धातूंत नसून अखंडपणांत आहे.

याच्या अगदीं उलट उदाहरण स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील माज्जोरे सरोवराचें. १९२५ सालची एक लहान बुगाटी गाडी आस्कोना गांवाजवळ त्या सरोवरांत पडलेली होती. तिच्यावरील जकात थकल्यामुळें ती साखळीनें बांधून पाण्यांत सोडण्यांत आली, अशी हकीकत सांगतात. साखळी कुजून तुटली आणि गाडी पन्नास मीटरांहून खोल तळाशीं गेली. १९६७ सालीं एका पाणबुड्याला ती दिसली. २००९ च्या जुलैमध्यें ती वर काढण्यांत आली. एका बाजूनें तिची चाळण झालेली होती. २०१० च्या जानेवारींत पॅरिस येथें तिचा लिलाव झाला आणि ती २ लक्ष ६० हजार ५०० युरोंना गेली. मारहाणींत प्राण गमावलेल्या एका तरुणाच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेला ते पैसे मिळावे असा हेतु होता. घेणारे पीटर मलिन हे अमेरिकन संग्राहक. मनांत आणतें तर त्यांना ती नवी करून घेतां आली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. कॅलिफोर्नियांतील आपल्या संग्रहालयांत त्यांनीं ती गंजासकट, जशी तळांतून आली तशी ठेवली. मलिन २०२३ सालीं वारले आणि तें संग्रहालय २०२४ सालीं बंद झालें. पण त्यांचा तो निर्णय मात्र मोटारींच्या इतिहासांत राहील. कारण त्या गाडीचा गंज हाच तिचा इतिहास होता. तो खरवडून टाकला असता तर एक सामान्य बुगाटी उरली असती आणि सरोवर पुसलें गेलें असतें.

हीं दोन उदाहरणें मीं भाच्याला सांगितलीं आणि विचारलें, "तुझी गाडी यांपैकीं कोणत्या जातीची? तिच्या गंजांत कांहीं कथा आहे काय?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गंजांत एवढीच कथा आहे कीं बाबा तीस वर्षें 'उद्यां' म्हणत राहिले." मग तिसरा मार्ग आपोआप मिटला. दिरंगाईचें स्मारक कोणी करीत नाहीं.

दुसऱ्या मार्गाचा निकाल मेहुण्यांच्या वहीनें लावला. गाडीसाठीं केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ते मराठींत ठेवीत. तींत असें निघालें कीं १९७९ सालीं त्यांनीं मोडीस निघालेल्या दुसऱ्या गाडीचें इंजिन आणून स्वतः बसविलें होतें. १९८४ सालीं पुढचे दोन्ही पंखे नवे घातले होते. डाव्या दाराचा पत्राही त्यांनींच बदलला होता. ज्या गाडीला भाचा मूळची म्हणून जपूं पाहत होता ती वडिलांच्या हयातींतच अर्धी बदललेली होती. माझी बहीण हें ऐकून हंसली. ती म्हणाली, "दादा, ह्यांनीं ती गाडी कधीं पुजली नाहीं, वापरली. पुसायला मात्र मला लावली! मला ती चकचकीत करून काय करायची? संध्याकाळीं कोपऱ्यावर तिचा आवाज आला कीं हे आले असें मला कळायचें. तेवढें पुन्हां होणार असेल तर करा, नाहीं तर देऊन टाका."

श्रोतेहो, यंत्रशास्त्राचीं पुस्तकें मीं पुष्कळ वाचलीं, पण जतन आणि जीर्णोद्धार यांतला भेद इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेला मला आढळला नाहीं. वस्तु कशासाठीं राखावयाची हें एकदां कळलें कीं काय बदलावें आणि काय बदलूं नये हें आपोआप कळतें. सबंध अंग नवें आणलें तर गाडी उत्तम होईल. पण तो अखंडपणाचा धागा तेथें तुटेल. उलट, कुजलेला उंबरठा कापून नवा सांधणें म्हणजे मेहुण्यांच्याच वहींत पुढची नोंद करणें होय.

परंतु हेतु चांगला म्हणून काम पार पडतें असें नाहीं. भाच्याला दोन लहान मुलें, पगार बेताचा आणि हातीं फक्त शनिवार-रविवार. अशा स्थितींत हौसेनें सबंध गाडी खोलावी, तिचे भाग डब्यांत भरावे आणि ते डबे दहा वर्षांनीं कोणा परक्याला विकावे, हा या छंदांतला सर्वांत सामान्य शेवट आहे. गंजानें जितक्या गाड्या मेल्या त्यांच्या जोडीला अर्धवट उत्साहानें मेलेल्याही मोजल्या पाहिजेत. म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. पहिली, बुडाली तरी घराला धक्का बसणार नाहीं एवढीच रक्कम बाजूला काढावयाची आणि ती संपली कीं थांबावयाचें. दुसरी, गाडी खोलावयाची नाहीं. फक्त एका बाजूचा उंबरठा उघडावयाचा. दाराच्या चौकटींत आडवी लोखंडी कांब सांधल्याशिवाय पत्र्याला करवत लावावयाची नाहीं, नाहीं तर अंग खचतें आणि मग दार जन्मांत नीट लागत नाहीं. आणि तिसरी, आंतलें लोखंड सांधा धरण्याइतकें जाड निघालें नाहीं तर रडत न बसतां चौथा मार्ग पत्करावयाचा. कारण दुसऱ्या चार गाड्यांत जाऊन फिरत राहणें, हाही अखंडपणाचाच एक प्रकार आहे.

गराज रिकामें झालें. गाडी आतां एका भाड्याच्या छपराखालीं उभी आहे. गेल्या महिन्यांत भाच्याचें पत्र आलें. डावा उंबरठा उघडला. खालची कड गेलेली होती, पण आंतला उभा पत्रा आणि तळ यांनीं सांधा धरला. नवा उंबरठा बसला आणि कांब काढल्यावर दार एका हातानें लागलें. ही बातमी कळवितांना त्यानें वहीच्या नव्या पानाचें छायाचित्र पाठविलें आहे. मोडक्या मराठींत, पण मराठींतच, त्यानें तारीख घालून ती नोंद केलेली आहे. उजवी बाजू अजून बाकी आहे आणि तेथें तो कागदाचा बोळा निघाला होता, हें मी विसरलेलों नाहीं. गाडी चालेलच असें मी आज सांगत नाहीं.

तुमच्याही घरीं अशी एखादी वस्तु ताडपत्रीखालीं असेल. ती मोटारच असली पाहिजे असें नाहीं. तिचा जीर्णोद्धार करा किंवा विसर्जन करा. दोहोंतही तिचा मान राहतो. मात्र एकदां ताडपत्री उचलून, पेचकस टोचून, आंत काय उरलें आहे तें पाहून घ्या. लोखंड काय आणि माणसाचा संकल्प काय, झांकून ठेवला म्हणजे टिकतो हा केवळ आपला समज आहे.